थार उचलायला दिली अन् बिल झालं २ लाख ६४ हजार, आता लोन काढून भरू का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल काय चाललंय ते. यावल तालुक्यातले एक भाऊ आहेत, कृषी सेवा केंद्र आहे, थोडी केळी आहे, दोन वर्षांपूर्वी घेतलेली थार आहे, तिचा २१,४०० चा हप्ता चालू आहे. गाडी दोन इंच लिफ्ट म्हणजे उंच करून २८५/७० आर १७ मापाचे, मूळपेक्षा मोठे टायर रिमसकट टाकायचे म्हणून त्यांनी एका मॉडिफिकेशनवाल्याकडे दिली. व्हॉट्सअॅपवर कोटेशन आलं १,७२,००० चं, अॅडव्हान्स दिला १,१०,०००. गाडी परत आली तेव्हा पुढचा बंपर खालून कापलेला, चाकावरच्या आतल्या प्लास्टिकच्या लायनरला आणि फेंडरच्या पत्र्याला ग्राइंडर मारलेला, चारी चाकांना व्हील स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या), अँटीरोल बारची लिंक काढून ठेवलेली, वरती लाइटबार. यातलं काहीच भाऊंनी सांगितलेलं नव्हतं. दुकानदार म्हणतो की एवढे मोठे टायर बसवायचे तर हे करावंच लागतं. बिल २,६४,०००, त्यातून कंपनीचे जुने टायर-अलॉय ३० हजारात परस्पर जमा धरले, म्हणजे बाकी मागतो १,२४,०००. भाऊ विचारतात, पर्सनल लोन काढू, केसीसीतून (किसान क्रेडिट कार्डाच्या पीककर्जातून) काढू, की गाडी आहे तशी विकून मोकळा होऊ?

भाऊ, तिन्ही नको. आणि चौथी गोष्ट सांगायच्या आधी हे सांगतो की १ लाख २४ हजार हा तुमचा आकडाच नाहीये, तो दुकानदाराचा आकडा आहे. तुम्ही कबूल केले होते १ लाख ७२, त्यातले १ लाख १० दिले, म्हणजे तुमच्या शब्दाप्रमाणे बाकी निघते ६२ हजार, आणि जुना सेट विकायला तुम्ही हो म्हटलेलंच नाही, म्हणजे तो सेट अजून तुमचाच आहे. वरचे ९२ हजार हे न सांगता केलेल्या कामाचे आहेत. लोनचा विचार करताना तुम्ही ही दोन पोती एकाच काट्यावर ठेवली.

आता लोनचं गणित. १,२४,००० पर्सनल लोन १५ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ६ हजारांच्या आसपास बसतो आणि वर व्याज जातं साधारण २० हजार. थारचा हप्ता धरून महिन्याला सत्तावीस हजार. तुम्ही लिहिलंय की सीझन नसला की दुकानातून हातात पन्नास-पंचावन्न पडतात, म्हणजे निम्मं उत्पन्न एका गाडीत. आणि कशासाठी, तर तुमची गाडी तुम्हाला न विचारता कापली त्याच्या मजुरीसाठी! केसीसीचं तर नावच काढू नका. ३ लाखांपर्यंत वेळेवर भरलं तर केंद्राच्या सवलतीने ४ टक्क्यांवर येतं आणि राज्याची सवलत धरली तर शून्यावर, एवढा स्वस्त पैसा शेतकऱ्याला दुसरीकडे कुठेच मिळत नाही, तो केळीच्या खताला आणि ठिबकला ठेवा. टायरमधे अडकला आणि मार्चअखेर भरता आला नाही की सवलत गेलीच समजा, आणि पीककर्ज दुसरीकडे वापरलं म्हणून बँक विचारेल ते वेगळं.

विकायचं म्हणाल तर जळगावचा कोणताही जुन्या गाड्यांचा डीलर आधी खाली वाकून बघतो. कापलेला पत्रा दिसला की तो अॅक्सिडेंटच्या गाडीचा भाव लावतो, तुम्ही कितीही समजावून सांगा. शिवाय लोन आहे, बँकेची एनओसी लागणार, आणि आरसीवर नाव बदलेपर्यंत त्या गाडीने काही अपघात केला तर जबाबदारी तुमच्यावर येते, सुप्रीम कोर्टाने २०१८ मधे हे स्पष्ट सांगितलंय. आपल्याकडे फॉर्म २९-३० वर नुसत्या सह्या करून गाडी देऊन टाकतात आणि नाव दोन-दोन वर्षं तसंच राहतं, ही सवय तुम्हाला माहीतच आहे.

आता जे तुम्ही विचारलंच नाही आणि मला त्याचीच काळजी जास्त आहे. तुमचा इन्शुरन्स. कंपनीने दिलेली उंची, टायर, सस्पेन्शन बदललं आणि विमा कंपनीला कळवलं नाही, तर उद्या गाडी नॅशनल हायवेवर पलटी झाली तर ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो, सर्व्हेयरला अँटीरोल बारची लिंक जागेवर नाही हे दिसायला पाच मिनिटं पुरतात. ती लिंक म्हणजे वळणावर गाडी एका बाजूला झुकू न देणारी गोष्ट, आणि उंच केलेल्या गाडीतून तीच काढायची म्हणजे काय म्हणावं. वर्कशॉपवाल्यांना विचारलं तर ते म्हणतात बोल्डरवर, म्हणजे मोठ्या दगडांवर, चाक जास्त खाली जातं म्हणून काढली, पण तुम्ही रोज फैजपूर-भुसावळ करता, बोल्डरवर कधी जाता?

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनशी आरसीतली माहिती जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मधे तेच ठासून सांगितलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२-ए आलं, त्यात मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे लक्षात घ्या, तुमच्या गाडीवर मी सहज पाच-सहा मोजले. आणि इथे कडू बोलतो, राग मानू नका, दोन इंच लिफ्ट आणि ते टायर ही तुम्ही स्वतः सांगितलेली कामंसुद्धा याच रेषेच्या पलीकडची आहेत. म्हणून दुकानदाराशी भांडताना तुमची बाजू पूर्ण धुतल्या तांदळासारखी नाहीये, हे डोक्यात ठेवूनच पुढचं करायचं.

दुकानदार म्हणतो टायरसाठी करावंच लागतं, हे किती खरं ते मोजून बघू. २५५/६५ आर १८ हा तुमचा मूळ टायर, त्याचा व्यास साधारण ७८९ मिलिमीटर. २८५/७० आर १७ चा ८३१. म्हणजे फरक ४२, गाडी टायरमुळे उचलली गेली २१ मिलिमीटर, पाऊण इंचाच्या जरा वर. अडचण व्यासापेक्षा रुंदीची आहे, आणि त्यातही ते व्हील स्पेसर लावले की चाक अजून बाहेर येतं आणि वळवताना नेमकं बंपरच्या कोपऱ्याला आणि लायनरला घासतं. म्हणजे आधी स्पेसर लावून चाक बाहेर काढलं, मग घासतंय म्हणून पत्रा कापला, आणि दोन्हीचे पैसे लावले! गाडी उंच करायला घातलेले लिफ्टचे स्पेसरही एकावर एक दोन ठेवलेत का ते टॉर्च मारून बघा, पुढच्या स्ट्रटच्या (स्प्रिंग-शॉकअॅब्सॉर्बरच्या) डोक्याशी. मग ड्राइव्हशाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) बाहेरच्या रबरी बूटाकडे बघा, कोन जास्त झाला की त्याच्या घड्या एका बाजूला चिमटलेल्या दिसतात आणि ग्रीसचे थेंब रिमच्या आतल्या बाजूला उडालेले असतात. तसं दिसलं तर फोटो काढा, तारखेसकट.

आणि व्यास ५ टक्क्यांनी वाढला म्हणजे मीटर ८० दाखवतं तेव्हा गाडी ८४ ने जात असते, आणि मीटरवर १० हजार झाले तेव्हा प्रत्यक्षात साडेदहा झालेले असतात. तुम्ही अॅव्हरेज १३ वरून ११ आलं लिहिलंय, पण मीटर कमी दाखवतं म्हणून खरं साडेअकरा धरू. महिन्याला १,५०० किलोमीटर धरले तर १५ लिटर डिझेल जास्त, नव्वद रुपये धरा, साडेतेराशे रुपये महिना, म्हणजे वर्षाला सोळा हजार. हा खर्च कोणत्याच बिलावर छापलेला नसतो म्हणून कोणी मोजत नाही, पण दोन वर्षांत तो तुमच्या लोनच्या व्याजापेक्षा जास्त होतो, आणि पुढेही दरवर्षी आहे.

तर काय करायचं. उद्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी न्या, हळू न्या, आणि लेखी तपासणी मागा, काय काय बदललंय आणि मूळ स्थितीत आणायला किती. त्या कागदावर सगळं उभं राहणार आहे. मग दुकानदाराला स्पीड पोस्टाने पत्र, पोचपावती ठेवून, की कोटेशनबाहेरचं काम मी सांगितलं नव्हतं, ते मला मान्य नाही, माझा जुना सेट पाचव्या चाकासकट परत करा, आणि ६२ हजारातून मूळ स्थितीत आणायचा खर्च वजा करून जे उरेल ते देतो. हे लवकर करा. करार कायद्याचं कलम ७० असं आहे की दुसऱ्याने फुकट करायचं नाही या हिशोबाने काम केलं आणि तुम्ही त्याचा फायदा घेत राहिलात तर मोबदला द्यावा लागतो, म्हणजे तुम्ही तीन महिने तो लाइटबार लावून रील टाकत फिरलात तर दुकानदाराचा वकील तेच रील दाखवेल.

दुकानदार म्हणतोय गाडी उचलून नेईन. त्याला नेता येत नाही. पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क, त्याच करार कायद्याचं कलम १७०, हा वस्तू त्याच्या ताब्यात असेपर्यंतच आणि ठरलेल्या कामापुरताच. गाडी तुमच्या अंगणात आहे. पण तुमचा टायर-अलॉयचा सेट त्याच्याकडे आहे, म्हणून पत्राआधी एक साधा व्हॉट्सअॅप मेसेज टाका, माझा सेट तुमच्याकडे ठेवलाय ना म्हणून, आणि त्याचं "हाव भाऊ" आलं की स्क्रीनशॉट घ्या. पक्कं बिलही मागा. तो म्हणेल मग जीएसटीचे १८ टक्के वर लागतील, लागू द्या, मागितल्याचं लेखी राहू द्या.

नाही ऐकलं तर जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान कुठेही असो, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. आधी १९१५ ला फोन करून बघा, बरेच दुकानदार तिथेच नरमतात. आयोगात न सांगता केलेल्या कामाचं म्हणणं मांडायचं, लिफ्टच्या पैशांचं नाही, ते तुमच्यावरच उलटेल.

पैसा कुठून आणायचा ते राहिलं. सर्व्हिस सेंटरला आधी तुम्हालाच भरावे लागतील, पत्रा आणि बंपर धरून पन्नास-साठ हजार लागतील असं माझं धरणं आहे. तुमची पतसंस्थेत दीड लाखाची एफडी आहे ना साडेनऊ टक्क्याची, ती मोडा. व्याज थोडं कापलं जाईल, जाऊ द्या. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं ५ लाखांचं विमा संरक्षण नसतं, आणि जळगाव जिल्ह्यात बसून पतसंस्थेबद्दल मी अजून काही सांगायची गरज नाही. उरलेले बँकेत टाका.

मोठे टायर फार चालले नाहीयेत तोवर रिमसकट विकून टाका, थारवाल्या पोरांमधे गिऱ्हाईक मिळतं, अर्ध्याच्या वर काही आले तरी घ्या. सगळं जमेस धरून तुमचे लाखभर रुपये जातीलच, ते कुठल्याच वाटेने वाचत नाहीत. इन्शुरन्सचं रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे लिहिलंय, त्याच्या आधी गाडी मूळ टायरवर उभी पाहिजे, कारण इन्स्पेक्शनला माणूस आला तर तो चारही बाजूंनी फोटो काढतो आणि ते फोटो कंपनीकडे राहतात.