टॅब लोगोवरच अडकला? फर्मवेअर टाकण्याआधी हे वाचा

वाचकांनी पाठवलेले या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत. टॅब सुरूच होत नाही आणि दुकानवाला म्हणतो "सॉफ्टवेअर मारावं लागेल", म्हणजे फर्मवेअर (टॅब चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) नव्याने टाकावं लागेल. हे काम घरी होतं, फक्त घाई नको, कारण बिघडतं ते बटन दाबल्यावर नाही, चुकीची फाईल निवडल्यावर.

सॅमसंगचा टॅब ए७ अपडेट होता होता बंद पडला, आता नुसता लोगो येऊन राहिला. घरच्या कॉम्प्युटरवरून फर्मवेअर टाकता येईल का? मुलीच्या नोट्स आहेत त्यात. (हिंगणा रोड)

येईल ना ताई, पण नोट्स आहेत म्हणून आधी साधे उपाय. पॉवर आणि व्हॉल्यूम डाऊन दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा, जबरदस्तीने रीस्टार्ट होतो. नाहीच झालं तर केबल कॉम्प्युटरला लावलेली ठेवून पॉवर आणि व्हॉल्यूम अप दाबून रिकव्हरीत (दुरुस्तीच्या मेनूत) जा, तिथं 'वाइप कॅश पार्टिशन' करा, यात डेटा जात नाही. 'फॅक्टरी रीसेट' त्याच यादीत आजूबाजूलाच असतं, त्याला हात लावू नका.

तरीही लोगोच येत असेल तर ओडिन, म्हणजे सॅमसंगमध्ये फर्मवेअर टाकायचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर, आणि ते विंडोजवरच चालतं. टॅबच्या मागे बारीक अक्षरात मॉडेल नंबर असतो तो मोबाईलने फोटो काढून झूम करून वाचा, कारण १०.४ इंची टॅब ए७ मध्ये एसएम-टी५०० म्हणजे नुसता वायफायवाला आणि एसएम-टी५०५ म्हणजे सिमवाला, दिसायला दोन्ही सारखेच पण फर्मवेअर वेगळं. दुसरं, फर्मवेअरच्या बिल्ड नंबरमधला शेवटून पाचवा अंक किंवा अक्षर बघा, ती बूटलोडरची (टॅब सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रामची) आवृत्ती, टॅबमध्ये आहे त्याच्यापेक्षा खालची टाकायला गेलात तर टॅब घेतच नाही.

फर्मवेअरची झिप फाईल उघडली की बीएल, एपी, सीपी, सीएससी आणि होम सीएससी अशा फाईली निघतात, नुसत्या वायफायवाल्यात सीपी (सिमच्या मोडेमची फाईल) नसते, ती सापडत नाही म्हणून घाबरू नका. तुमच्यासाठी कळीची गोष्ट ही: ओडिनमधल्या सीएससीच्या खणात होम सीएससी टाका. साधी सीएससी टाकली की टॅब पूर्ण कोरा होतो. होमने डेटा सहसा राहतो, पण अपडेट अर्धवट तुटलंय म्हणून खात्री मी देणार नाही.

मग टॅब बंद करा, व्हॉल्यूमची दोन्ही बटनं दाबून धरा आणि तशीच केबल लावा, इशारा आला की व्हॉल्यूम अप, हाच डाउनलोड मोड. ओडिनमध्ये 'अ‍ॅडेड' दिसलं म्हणजे जोडलं गेलं. एपी फाईल मोठी असते, ती तपासताना ओडिन हँग झाल्यासारखं वाटतं, बंद करू नका, थांबा. री-पार्टिशनला टिक करायची नाही, मग 'स्टार्ट' दाबा. हिरवं 'पास' येईपर्यंत केबल हलवायची नाही.

आणि हे काम लॅपटॉपवरच करा, टॅबही निदान अर्धा चार्ज हवा. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी सगळ्यांचे कूलर चालू असतात, लाइट जाते, इन्व्हर्टरवर जाताना डेस्कटॉप कित्येकदा रीस्टार्ट होतो, आणि बूटलोडर लिहिता लिहिता असं झालं तर टॅब घरी उठवणं फार कठीण. सकाळी करा.

ओडिन 'सेटअप कनेक्शन'वरच थांबून राहतं. (महाल)

केबल बदला भाऊ. चार्जिंगपुरती स्वस्त केबल डेटा नेत नाही किंवा मधेच सोडते. हब नको, थेट पोर्टला लावा, सॅमसंगचा यूएसबी ड्रायव्हर टाकून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि टॅब पुन्हा डाउनलोड मोडमध्ये न्या.

मुलाच्या क्लासचा स्वस्तातला मीडियाटेक चिपचा टॅब बर्डीत एका दुकानात फ्लॅश करून (फर्मवेअर टाकून) आणला, आता वायफायच्या यादीत 'एनव्हीरॅम वॉर्निंग' दिसते आणि सिम लागत नाही. (मानेवाडा)

लक्षणांवरून वाटतं की एसपी फ्लॅश टूलमध्ये (मीडियाटेकवर फर्मवेअर टाकायचं सॉफ्टवेअर) 'फॉरमॅट ऑल' वापरलं असावं. त्यात एनव्हीरॅम पुसलं जातं, म्हणजे टॅबचा आयएमईआय (ओळख नंबर) आणि वायफायचा पत्ता गेला. 'डाउनलोड ओन्ली' केलं असतं तर हे सहसा होत नाही, म्हणून दुकानात देतानाच सांगायचं, आणि आधी एनव्हीरॅमचा बॅकअप घ्यायला लावायचं. आता दुकानदाराला विचारा बॅकअप आहे का, नसेल तर बिल आणि खोका घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, खोक्यावरचाच आयएमईआय तिथून परत टाकून घ्या. कोणी दुसराच नंबर टाकून देतो म्हणालं तर नको, तो गुन्हा आहे. वायफाय त्या इशाऱ्यासकट बहुतेक चालतं, तोवर क्लास बुडणार नाही.

आयपॅडवर केबल आणि कॉम्प्युटरचं चित्र आलंय. रीस्टोर सुरू करतो, डाउनलोड चालू असतानाच चित्र निघून जातं. (धरमपेठ)

तुमचं नेट हळू आहे, एवढंच. डाउनलोडला १५ मिनिटांपेक्षा जास्त लागली की आयपॅड रिकव्हरी मोडमधून बाहेर पडतो. डाउनलोड पूर्ण होऊ द्या, मग पुन्हा त्या मोडमध्ये न्या: होम बटन असेल तर होम आणि वरचं बटन धरून ठेवा, नसेल तर वरच्या बटनाजवळचं व्हॉल्यूम दाबून सोडा, लांबचं दाबून सोडा, मग वरचं धरून ठेवा. आणि रीस्टोर नाही, आधी 'अपडेट' निवडा! अपडेट डेटा न पुसता आयपॅडओएस परत टाकतं, रीस्टोर सगळं पुसतं. मॅकवर कॅटालिनापासून (२०१९) हे फाइंडरमध्येच आहे.

जुना टॅब घेतला, फर्मवेअर टाकलं तरी आधीच्या मालकाचं गुगल अकाउंट मागतो. (सदर)

फर्मवेअरने ते कुलूप निघत नाही, चोरीचा माल विकला जाऊ नये म्हणूनच ते आहे. बायपासवाल्यांना पैसे देऊ नका. विकणाऱ्याला समोर बसवून त्याच्या आयडीने लॉगिन करायला लावा, अकाउंट काढून घ्या, मगच सेटिंगमधून रीसेट करा. तो टाळाटाळ करत असेल तर टॅब परत करा आणि पैसे मागा.