चटणीचं पाकीट कोण विकत घेतं?

चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद,

तुझ्या चटणीच्या पाकिटाचं लेबल पाहिलं. 'डंकावर कुटलेली, बेडगी आणि संकेश्वरी मिरची, भेसळ नाही.' सगळं खरंच असणार. पण कोल्हापुरातला प्रत्येक चटणीवाला हेच लिहितो. तुझी बरीचशी पाकिटं पुण्याला शिकणाऱ्या, नाहीतर जर्मनीला निघालेल्या मुलांसाठी जातात म्हणतोस. मग पैसे कोण मोजतं? आई. पोरगं तिकडे पोटभर जेवेल ना, हा घोर तिच्या जिवाला लागलेला असतो. तो जरा हलका व्हावा म्हणून ती तुझ्याकडे येते.

टाटांच्या नॅनोचा इतिहास नीट वाच. पावसात एकाच स्कूटरवर बसलेलं अख्खं कुटुंब पाहून रतन टाटांना ती सुचली. 2008 मध्ये गाडी लोकांसमोर आली आणि 'लाखाची गाडी' म्हणूनच गाजली. कारखाना सिंगूरहून साणंदला हलवावा लागला, काही गाड्यांनी पेट घेतला, ही ती न खपण्याची कारणं होतीच. पण सर्वात स्वस्त गाडी हा शिक्का बसला तो पुसला गेला नाही, आणि ही चूक झाल्याचं खुद्द टाटांनीच पुढे बोलून दाखवलं. आपल्याकडे गाडी घेतली की हार घालतात, पेढे वाटतात, शेजारपाजार बघायला येतो. त्या दिवशी 'सगळ्यात स्वस्त होती म्हणून घेतली' असं कोणाला सांगावंसं वाटेल? 2018 ला उत्पादन थांबलं. याउलट 1989 ची 'हमारा बजाज' ही जाहिरात आठव. परदेशी कंपन्यांच्या नव्या दुचाकी रस्त्यावर आल्या होत्या, तरी तिने मायलेजचा हिशेब मांडला नाही. घरातलंच माणूस वाटावं अशी स्कूटर दाखवली.

आता तुझ्याकडे येतो. आईची काळजी नुसती जाहिरातीत लिहून भागणार नाही, ती मालात उतरली पाहिजे. अर्ध्या किलोचं एक पाकीट देण्याऐवजी शंभर-शंभर ग्रॅमची पाच दे, म्हणजे एक फोडलं तरी बाकीची ताजी राहतील. दुहेरी सील कर. चटणीचं तेल बॅगेतल्या कपड्यांना लागलं तर त्या माउलीची तगमग दुप्पट होते. आणि पाकिटाच्या मागे, कधी गॅस न पेटवलेल्या पोरालाही जमेल अशी उसळ लिही: मटकी किती, पाणी किती, चटणी कधी घालायची. चार-पाच ओळी पुरेत. जाहिरातीवरचा निम्मा खर्च इकडे वळवलास तरी मला चालेल.

एक मात्र निक्षून सांगतो. भीती विकू नकोस. गोरेपणाच्या क्रीमवाल्यांनी वर्षानुवर्षं सावळ्या मुलींच्या मनातला न्यूनगंड कुरवाळत धंदा केला. 2020 मध्ये त्यातल्या सर्वात मोठ्या ब्रँडला नावातला 'फेअर' शब्द काढावा लागला, पण तोवर कितीतरी मुली आरशासमोर रडल्या असतील. 'बाहेरचं खाऊन तुमचं लेकरू आजारी पडेल' हे वाक्य तुझ्या मसुद्यात आहे. ते आजच काढ. काळजीत असलेल्या बाईला आणखी घाबरवून चार पाकिटं जास्त खपतीलही. मला ते पटत नाही आणि तुलाही पटू नये.

नवं लेबल लिहिण्याआधी, तुझ्याकडून दुसऱ्यांदा चटणी नेलेल्या आठ-दहा आयांना फोन कर. विकायचं काही बोलू नकोस. मुलगा काय करून खातो, एवढंच विचार आणि त्या जे शब्द वापरतील ते जसेच्या तसे वहीत उतरव. ती पानं मला पाठव, मग लेबल बघू.

तुझा,
काका