प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : सबवूफरचा आलेख जुळतो, आवाज का जुळत नाही?

प्रश्न : खोली ४.३ × ३.४ मीटर. आरईडब्ल्यूच्या (रूम ईक्यू विझार्ड, खोलीतला आवाज माइकनं मोजणारा प्रोग्रॅम) मापनात सबवूफरला (जाड आवाजाचा स्पीकर, थोडक्यात सब) ४० हर्ट्झवर उंचवटा आणि ७२ हर्ट्झवर खोल खड्डा दिसतो. खड्ड्यावर ईक्यूनं (ठरावीक स्वर कमी-जास्त करणारे फिल्टर) ९ डेसिबल वाढवले तर प्रोग्रॅमची अंदाजित रेषा सरळ येते. पण सोफ्यापुढच्या खुर्चीत आवाज घुमतो आणि सिनेमाच्या आवाजाला सब फटफटतो. सोफा मागच्या भिंतीपासून १.२ मीटरवर आहे.

उत्तर : प्रोग्रॅमचा हिशेब बरोबर आहे, पण तो माइक होता त्या एका बिंदूपुरता. मागच्या भिंतीवरून परतणाऱ्या लाटेला २.४ मीटरचा फेरा पडतो. ७२ हर्ट्झच्या तरंगलांबीची ही जवळजवळ निम्मी, म्हणून सोफ्यावर दोन लाटा एकमेकींना खातात. पुढच्या खुर्चीत हा खड्डाच नाही, तिथं तुमचे ९ डेसिबल जसेच्या तसे ऐकू येतात. शिवाय ९ डेसिबल म्हणजे आठपट वॅट. सब फटफटणारच.

४० हर्ट्झचं प्रकरण वेगळं. ३४४ भागिले ८.६ बरोबर ४०, म्हणजे हा खोलीच्या लांबीचा अनुनाद. तो खुशाल कापा, उंचवट्यासोबत आवाजाची रेंगाळणारी शेपटीही आखडते. वॉटरफॉल आलेखात (आवाज कसा विरत जातो ते दाखवणारा) पाहून खात्री करा. ईक्यूच्या खिडकीत जुळवणीची मर्यादा २५ ते १०० हर्ट्झ, एका फिल्टरची वाढ फार तर ३ डेसिबल आणि एकूण वाढ शून्य ठेवा. ७२ वर काही लावू नका. सोफा ३० सेंमी मागे नेलात तर खड्डा ९६ हर्ट्झच्या आसपास सरकेल. जाणार नाही, पण सबच्या हद्दीबाहेर पडेल. आधी प्रोग्रॅमच्या रूम सिम्युलेटरमध्ये सरकवून बघा. मात्र तो चौकोनी, बंद खोली गृहीत धरतो. हॉलला उघडं स्वयंपाकघर जोडलेलं असेल तर त्याचं फार मनावर घेऊ नका, माइकच हलवून मोजा.

प्रश्न : सब आणि पुढचे स्पीकर वेगवेगळे मोजले तर छान, एकत्र वाजवले की ८० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरवर (जिथं सब थांबतो आणि स्पीकर सुरू होतात) ७-८ डेसिबलचा खड्डा. रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर चालवणारी पेटी) स्पीकरांचं अंतर टेपनं मोजून भरलं आहे.

उत्तर : टेपच घात करतो. सबच्या आतल्या डीएसपीला (आवाजावर प्रक्रिया करणारी चिप) वेळ लागतो. ३ मिलिसेकंद उशीर म्हणजे सुमारे १ मीटर, सब २.५ मीटरवर असला तरी रिसीव्हरला ३.५ सांगावं लागतं. इथं बहुतेकांचा गोंधळ होतो : अंतर वाढवलं की रिसीव्हर सबला उशीर करत नाही, बाकीच्यांना थांबवतो.

आरईडब्ल्यूत अकूस्टिक टायमिंग रेफरन्स (वेळ मोजण्यासाठीचा खुणेचा आवाज) चालू करा आणि त्याची शिट्टी दर वेळी एकाच स्पीकरमधून, समजा डाव्या, येऊ द्या. माइक आणि व्हॉल्यूम न हलवता आधी डावा, मग सब मोजा. आता सबचं ईक्यू ठरवा आणि अंदाजित रेषेपासून नवं मापन तयार करून घ्या. वेळ जुळवणाऱ्या अलाइनमेंट टूलमध्ये तेच वापरायचं, मूळ मापन नव्हे, कारण प्रत्येक फिल्टर फेजही (लाटेची वेळेतली जागा) हलवतो. आधी वेळ जुळवून मग ईक्यू लावणाऱ्यांची जुळणी तिथंच बिघडते. टूलनं दिलेला आकडा भरल्यावर सबची पोलॅरिटी (लाटेची उलट-सुलट दिशा) मुद्दाम उलटी करा. ८० वर खोल, दोन्ही बाजूंना सारखा खड्डा पडला तर वेळ जुळली. पोलॅरिटी पुन्हा सुलटी करायला मात्र विसरू नका!

शेवटी खरोखर मोजा. प्रत्यक्ष आलेख अंदाजापासून फारच दूर असेल तर ईक्यूच्या यादीत निवडलेलं उपकरण तपासा. मिनीडीएसपी २x४ एचडी (ईक्यू लावणारी पेटी) ९६ किलोहर्ट्झच्या नमुना-दरावर चालतो. त्यात ४८ किलोहर्ट्झसाठीचे सहगुणक (फिल्टरचे आकडे) भरले तर ४० हर्ट्झची काट ८० वर जाऊन बसते, आणि तुम्ही बिचाऱ्या सबला दोष देत बसता.

प्रश्न : पंखा, फ्रिज बंद करूनही ५० आणि १०० हर्ट्झवर सुळके येतात.

उत्तर : स्वीप (मापनाचा चढत जाणारा सूर) थांबवून आरटीए (त्या क्षणीच्या आवाजाचा आलेख) बघा. सुळके तसेच राहिले तर ती विजेची घरघर. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मोजा. तरी राहिली तर सबची सिग्नल केबल काढून पाहा. गेली तर अर्थिंगचा फेरा त्याच केबलमध्ये आहे.