लाटांची रांग दिसली, पण ती समुद्राची की ग्रिडची?

तुमची मांडणी अशी: एमआयटीजीसीएम या समुद्र-मॉडेलमध्ये अंदमान समुद्राचा पूर्व-पश्चिम द्विमितीय छेद, मध्ये टेन डिग्री चॅनेलचा उंचवटा, ग्रिड ५०० मी., हायड्रोस्टॅटिक (पाण्याचा उभा प्रवेग वगळणारी) समीकरणं, दोन्ही कडांवर एम-२ (चंद्रामुळे दिवसातून साधारण दोनदा येणारी) भरती. पूर्वेकडे सोलिटॉनची (आकार न बदलता पुढे जाणाऱ्या, पाण्याखालच्या एकट्या लाटांची) सुबक रांग मिळते आणि चौथ्या दिवसानंतर सगळा गोंधळ होतो. नॉनहायड्रोस्टॅटिक (उभा प्रवेगही धरणारा पर्याय) चालू करावं का, हा प्रश्न.

आत्ताच्या ग्रिडवर नको, नुसता संगणक तापेल. ती रांग बहुतेक खोटी आहे.

हायड्रोस्टॅटिक समीकरणांत सोलिटॉनला लागणारं डिस्पर्शनच (लांबीनुसार लाटांचा वेग बदलून त्या पसरणं) नसतं. लाटेची पुढची बाजू उभी होत जाते आणि शेवटी तिला थोपवतं ते द्वितीय क्रमाच्या स्कीमचं संख्यात्मक डिस्पर्शन, म्हणजे गणनापद्धतीच्या चुकीतून येणारं. त्याचं गणिती रूप खऱ्या डिस्पर्शनसारखंच असल्यामुळे चित्र हुबेहूब दिसतं. ही चूक ग्रिडच्या अंतराच्या वर्गाने वाढते. म्हणून ग्रिडचं अंतर वरच्या (हलक्या पाण्याच्या) थराच्या जाडीपेक्षा कमी हवं. वरचा थर २०० मी. धरला तर तुमचं गुणोत्तर २.५ आहे.

केडीव्हीचा (सोलिटॉनच्या नेहमीच्या समीकरणाचा) हिशोब करून बघा. थर २०० आणि १००० मी., उंची ५० मी. घेतली तर अर्ध्या उंचीवर लाटेची रुंदी साधारण २ किमी येते. (१९८० साली ऑस्बर्न आणि बर्च यांनी याच समुद्रातल्या ६० मी.पर्यंतच्या लाटा प्रसिद्ध केल्या होत्या, म्हणजे ५० अवास्तव नाही.) ५०० मी.वर या लाटेला ग्रिडच्या जेमतेम चार पेशी मिळतात, १०० मी.वर वीस. पडताळणी सोपी आहे: ग्रिडचं अंतर निम्मं करा. लाटेची रुंदीही निम्मी झाली तर ती लाट ग्रिडची.

तेव्हा उंचवट्यापासून पूर्वेकडे जिथवर सोलिटॉन बघायचे तिथवर १०० मी. ठेवा, टाइम-स्टेप १० सेकंद, आणि मग नॉनहायड्रोस्टॅटिक चालू करा. दर स्टेपला सीजी३डीचा (दाब काढणाऱ्या सॉल्व्हरचा) उरलेला रेसिड्युअल, म्हणजे शिल्लक चूक, लॉगमध्ये बघत जा. सॉल्व्हर कमाल पुनरावृत्तीला जाऊन थांबत असेल तर उत्तर जुळलेलंच नाही, रन पुढे रेटू नका. फक्त अंतर्गत भरतीचा (पाण्याच्या थरांमध्ये उठणाऱ्या भरतीच्या लाटांचा) ऊर्जा-प्रवाह हवा असेल, सोलिटॉन नको असतील, तर मात्र हायड्रोस्टॅटिक आणि १-२ किमी पुरे.

चौथ्या दिवसाचा गोंधळ म्हणजे कडेवरून परतलेली लाट. अंतर्गत लाटेच्या पहिल्या (सर्वांत वेगवान) मोडचा वेग सुमारे १.८ मी./से. आणि तुमची कड ३०० किमीवर, म्हणजे जाऊन-येऊन ३.९ दिवस. एम-२ च्या अंतर्गत लाटेची तरंगलांबी इथे ८० किमीच्या आसपास येते, तुमचा १० किमीचा स्पंज (कडेचा लाटा शोषणारा पट्टा) तिला काय शोषणार? कडेकडे पेशी ३ टक्क्यांनी वाढवत न्या: १०० मी.पासून ३ किमीपर्यंत जायला ११५ पेशी लागतात आणि ९७ किमी अंतर कापलं जातं. त्या पट्ट्यात स्पंज ठेवा, आतल्या टोकाला रिलॅक्सेशन (वेग लक्ष्याकडे ओढण्याचा काळ) एक दिवस, कडेला एक तास. दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. स्पंज वेग शून्याकडे ओढत असेल तर भरतीच मरते, त्यामुळे लक्ष्य म्हणून त्या क्षणाचा भरतीचा वेग द्या. आणि स्पंजखालचा तळ सपाट ठेवा. तळ चढता-उतरता असेल आणि लक्ष्य-वेग एकच असेल तर पाण्याचा हिशोब जुळत नाही, स्पंजच लाटा निर्माण करू लागतो. भरतीही पहिल्या एक-दोन आवर्तनांत हळूहळू चढवा.

तळाच्या माहितीबद्दल: जेबको हा समुद्रतळाचा जागतिक नकाशा १५ कोनीय सेकंदांचा, म्हणजे सुमारे ४५० मी.चा. १०० मी.वर इंटरपोलेट केल्याने नवा तपशील येत नाही, पण पायऱ्या जातात, शिवाय पार्शल सेल (तळाशी अर्धवट भरलेल्या पेशी) वापराच. गुळगुळीत करताना हात आखडता घ्या. खोल पाण्यात एन (थरांच्या स्थिरतेची वारंवारता) ०.००२ प्रति सेकंद असेल तर या अक्षांशावर एम-२ साठी क्रिटिकल उतार (अंतर्गत लाटेच्या किरणाच्या कलाइतका) जेमतेम ४ अंश आहे. उंचवट्याची बाजू त्याखाली गेली की निर्मिती कोसळते.

भरती बंद ठेवून पाच दिवसांचा रन आधी घ्या, वेग शून्याजवळच राहायला हवा. त्यातच थर्मोक्लाइन (तापमान झपाट्याने बदलणारा थर) किती पसरतो तेही बघा. उभा डिफ्यूजन गुणांक ०.००००१ मी.²/से. असेल तर पाच दिवसांत साधारण ३ मी. पसरेल. त्याहून बराच जास्त पसरला तर तो अ‍ॅडव्हेक्शन स्कीमचा (प्रवाहाबरोबर उष्णता-क्षार वाहून नेण्याच्या गणनापद्धतीचा) प्रताप. मॉडेलमधली ३३ क्रमांकाची स्कीम ठीक आहे, ७ अधिक धारदार.

आउटपुट तासाला एकदा घेताय, ते बदला. २ किमीची लाट एका बिंदूवरून १८-२० मिनिटांत निघून जाते. पूर्ण फील्ड तासाला राहू द्या, पण पाच-सहा ठिकाणचे उभे प्रोफाइल दर मिनिटाला लिहा.