शंका-समाधान : गडग्यावरची मखमल आणि तेरडा

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या घरामागच्या चिऱ्यांच्या गडग्यावर आषाढात हिरवी मखमल पसरते आणि श्रावणात त्याच फटींतून तेरडा फुलतो. मग त्या मखमलीला फूल का येत नाही? (एक वाचक)

उत्तर : आपण वर्णिलेली मखमल म्हणजे मॉस, तिला सरसकट शेवाळ म्हणण्याची आपली सवय मात्र चुकीची आहे. चिमूटभर उपटून भिंगाखाली धरल्यास इवल्या पानांची रोपटी दिसतात, परंतु खरी मुळे नसून केवळ धरून ठेवणारे धागे, म्हणजे मूलाभ, असतात. तेरड्याप्रमाणे पाणी वर चढवणाऱ्या विकसित नलिका नसल्याने मॉस बुटकीच राहते.

खरा भेद प्रजननात आहे. मॉसच्या पुंपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत स्त्रीपेशीपर्यंत जातात, म्हणून तिला पाऊस हवाच. त्यानंतर रोपट्याच्या शेंड्यावर बारीक दांडा व त्यावर कुपी उभी राहते आणि तिच्यातून बीजाणू, म्हणजे नवी रोपटी उगवणारे सूक्ष्म कण, उडतात. तेरड्याचा परागकण कीटकाच्या अंगावरून येतो, परागनलिका पुंपेशीला थेट बीजांडात पोहोचवते आणि पिकलेले बोंड बोट लागताच फुटून बिया उधळते. गंमत म्हणजे, मॉसचे हिरवे रोपटे ज्या युग्मकधारी, म्हणजे पुंपेशी व स्त्रीपेशी तयार करणाऱ्या, पिढीचे असते, ती तेरड्यात परागकण आणि बीजांडातील मोजक्या पेशींपुरतीच उरली आहे.

उन्हाळ्यात तेरडा फक्त बियांच्या रूपाने उरतो. मॉसच्या अनेक जाती वाळून करड्या पडतात आणि पहिल्या वळवाने पुन्हा हिरव्या होतात.