बारावीला मॅथ्समध्ये मार्क कमी पडले, यूकेत फाउंडेशन इयरवाला सायबर सिक्युरिटीचा कोर्स घेऊ का?

घे, पण आधी एक बघ. तिकडे शाळा आपल्यापेक्षा एक वर्ष जास्त असते तरी चांगले मार्क असतील तर बऱ्याच युनिव्हर्सिट्या आपल्या बारावीवर डायरेक्ट फर्स्ट इयरला घेतात, त्यामुळे एजंट म्हणाला म्हणून लगेच फाउंडेशनला हो म्हणू नकोस, आधी युनिव्हर्सिटीला स्वतः मेल टाक. फाउंडेशन म्हणजे डिग्रीआधीचं तयारीचं वर्ष, म्हणजे तीनऐवजी चार वर्षं, आणि त्या जादा वर्षाची फी, राहणं-खाणं सगळं घरच्यांच्या खिशातून जातं.

तुझं मॅथ्स खरंच कच्चं असेल तर मात्र हे वर्ष सोनं आहे. त्यात साधारण मॅथ्स, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि रिपोर्ट लिहायची सवय, एवढंच असतं. मी स्वतः हे वर्ष केलंय. 17 ला 5 ने भागलं की बाकी 2, हे चौथीचं गणित वाटतं ना, पण आरएसए एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती गुप्त करायची एक पद्धत, याच बाकीच्या हिशोबावर उभं आहे हे पुढे कळलं तेव्हा मला त्या वर्षाची किंमत कळली.

कोर्स निवडताना डिग्रीला एनसीएससीचं सर्टिफिकेशन आहे का बघ, ती तिकडची सरकारी सायबर सिक्युरिटी संस्था आहे.

आणि प्लीज, शिकायच्या उत्साहात कुणाच्या वेबसाइटच्या लॉगिन बॉक्समध्ये अवतरणचिन्ह टाकून एसक्यूएल इंजेक्शन (वेबसाइटच्या डेटाबेसला फसवायची युक्ती) ट्राय करू नकोस, यूकेच्या 1990 च्या कॉम्प्युटर मिसयूज अॅक्टखाली परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये घुसायचा प्रयत्नसुद्धा गुन्हा आहे. लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेला वेगळा कॉम्प्युटर, टाक आणि तिथे काय ती तोडफोड कर.