बर्फ पाहिला नसेल तर कापूस लिहा की! इंग्रजीतल्या सिमिलीवर तुमचे प्रश्न

या वेळी बहुतेक प्रश्न सिमिलीवरच आले, म्हणजे आपली उपमा, ॲज आणि लाइक वाली. बोर्डाची परीक्षा जवळ आली की असं होतेच. सरळ प्रश्नांवर येतो.

सर, माय व्हिलेजच्या निबंधात मी 'द कॉटन इज ॲज व्हाइट ॲज स्नो' लिहिलं. बाबा म्हणे तू स्नो कुठं पाहिला? पण गाइडमधे तर तेच आहे. काय लिहू? (१०वी, वरूड तालुका)

तुझं चुकलं काहीच नाही, मार्क पण कापणार नाहीत. पण बाबांचं म्हणणं मला पटते. कापूस पांढरा आहे हे तर ज्यानं शेत पाहिलं नाही तो पण सांगेल, तू वेचायला गेली असशील ना, मग तुला जे माहीत आहे ते लिही. हाताला काय होते सांग बरं? वाळलेल्या बोंडाची टोकं बोचतात, नखाच्या कडेला ओरखडे पडतात, संध्याकाळी मिठाचं पाणी लागलं की झोंबते. मग लिही की 'द ड्राय बोल्स स्क्रॅच्ड माय फिंगर्स लाइक अँग्री किटन्स', म्हणजे चिडलेल्या मांजरीच्या पिल्लांसारखे. पेपर तपासणारा स्नो वाचून वाचून कंटाळलेला असते, अशा वाक्यावर तो थांबतेच.

फक्त एक बघ. एकानं मला 'द कॉटन वॉज ॲज सॉफ्ट ॲज अ पिलो' लिहून पाठवलं. आता आपल्याकडं उशीत भरलेला तर कापूसच असते! कापसाला कापसाचीच उपमा झाली ना ती. दोन गोष्टी एकमेकींपासून दूरच्या पाहिजेत आणि त्यांच्यात एक गुण सारखा पाहिजे, मग मजा येते.

'रमेश इज ॲज टॉल ॲज सुरेश' ही सिमिली आहे का? आमच्या एमपीएससीच्या ग्रुपवर दोन दिवसांपासून भांडण चालू आहे.

नाही. मिटवा भांडण. दोन माणसांची उंची मोजली, साधी तुलना आहे. रमेशला ताडाच्या झाडाएवढा म्हटलं, 'ॲज टॉल ॲज अ पाम ट्री', की झाली सिमिली. 'शी लुक्स लाइक हर मदर' ही पण साधी तुलनाच, लाइक दिसलं म्हणून लगेच टिक करू नका. आणि दोन ॲजच्या मधे विशेषण साधं ठेवा, 'ॲज टॉलर ॲज' असं काही नसते, ही चूक पदवी झालेले लोक पण करून राहिले. बोलताना किंवा कवितेत पहिला ॲज गळते कधीकधी, 'व्हाइट ॲज मिल्क', ते चालते.

बुटीबोरीला इंटरव्ह्यू होता. मागच्या कामाबद्दल विचारलं तर मी 'आय वर्क्ड लाइक अ सुपरवायझर' म्हटलं, समोरचे दोघं हसले. काहून?

कारण दादा, तुम्ही स्वतःच सांगून टाकलं की मी सुपरवायझर नव्हतो, नुसता त्यांच्यासारखा वागत होतो! पद खरंच तुमचं होतं तर 'आय वर्क्ड ॲज अ सुपरवायझर'. लाइक म्हटलं की वस्तू ती नाही, फक्त तिच्यासारखी आहे. म्हणून तर सिमिलीत ते बसते, 'ही फॉट लाइक अ टायगर', तो वाघ नाही पण लढला तसा. आणि 'ही इज लाइक अ टायगर' म्हणताना 'इज' विसरू नका, 'ही लाइक्स अ टायगर' म्हटलं तर त्याला वाघ आवडते असा अर्थ होते, ताडोब्याच्या गाइडबद्दल बोलत असाल तर गोष्ट वेगळी.

जणू काही म्हणायचं असेल तर ॲज इफ. 'ही टॉक्स ॲज इफ ही वेअर द सरपंच', सरपंच नाही तरी थाट तसाच. इथं वेअर का आलं म्हणून गोंधळू नका, जे खरं नाही ते सांगताना लिहिण्यात वेअर, बोलण्यात वॉज पण चालते.

मुलीला क्लासमधे सिमिलीची मोठी यादी पाठ करायला दिली आहे, बिझी ॲज अ बी, ब्लाइंड ॲज अ बॅट, मॅड ॲज अ हॅटर. रात्री दहापर्यंत घोकते. उपयोग आहे का याचा? (यवतमाळ जिल्हा)

ताई, वाचलेलं कळावं म्हणून ठीक आहे, लिहायला म्हणून घोकू नका. या जुन्या तयार उपमा आहेत, इंग्रज माणूस त्या ऐकते पण त्याच्या डोळ्यापुढं काही येत नाही. ब्लाइंड ॲज अ बॅट तर खोटंच आहे, वटवाघळं आंधळी नसतात, चिंचेवर उलटी लटकलेली ती मोठी वाली आहेत ना, त्यांना रात्री चांगलं दिसते. मॅड ॲज अ हॅटरमागं मात्र खरी गोष्ट आहे असं मानतात, सशाच्या केसांचं फेल्ट करायला पूर्वी तिकडचे टोप्या बनवणारे पाऱ्याचं रसायन वापरत, ती वाफ वर्षानुवर्षं नाकात जाऊन हातपाय थरथरायचे, डोकं ताळ्यावर राहायचं नाही. हे एकदा सांगून पाहा मुलीला, घोकावं लागणार नाही.

आणि हा कंटाळा आजचा नाही. चार्ल्स डिकन्सनं १८४३ साली 'अ ख्रिसमस कॅरल'च्या पहिल्याच पानावर मार्ली हा माणूस 'डेड ॲज अ डोअर-नेल' म्हणजे दाराच्या खिळ्यासारखा मेलेला आहे असं लिहिलं आणि लगेच वर म्हणते की दाराच्या खिळ्यात एवढं मेलेलं काय असते मला माहीत नाही, मला तर शवपेटीचा खिळा जास्त मेलेला वाटला असता. म्हणजे त्या काळातच ती उपमा इतकी झिजली होती की लेखक तिची मस्करी करून राहिला होता, आणि आपण ती आज पोरींना घोकायला देतो!

मराठीतल्या उपमा तशाच्या तशा इंग्रजीत नेता येतात का? मुलं 'पुअर लाइक अ काऊ' लिहितात. (झेडपी शिक्षिका, मेळघाट)

मॅडम, हा प्रश्न आवडला. काही जातात. मधासारखं गोड, कोळशासारखा काळा, दोन्हीकडं सारखंच आहे. पण गाईसारखी गरीब यातला गरीब म्हणजे मवाळ, पुअर म्हटलं की पैशाचा गरीब होते, आणि बाईला काऊ म्हणणं ही तर इंग्रजीत सरळ शिवी आहे. तिथं गरीब कोकरू असते, 'ॲज जेन्टल ॲज अ लॅम्ब' लिहायला सांगा. घुबडाचं उलटं, तिकडं ते शहाणं, 'ॲज वाइज ॲज ॲन आउल', आणि आपल्याकडं रात्री घरावर बसलं तर म्हातारी उठून हाकलते.

मग मेळघाटातल्या पोरानं मोहाची उपमा देऊच नये का? द्यावी, पण वाचणाऱ्यानं मोह पाहिला नसेल हे धरून चालावं. आधी गुण सांगायचा मग वस्तू. 'द रूम स्मेल्ड लाइक मोह' यातून पुण्याच्या मास्तरला काही कळणार नाही. 'द रूम हॅड अ हेवी, स्वीट स्मेल, लाइक मोह फ्लॉवर्स ड्राइंग इन द सन' म्हटलं की ज्यानं मोह वाळताना पाहिला नाही त्याच्या पण नाकापर्यंत पोचते.

कवितेत सिमिली ओळखली तर पुढं काय लिहायचं? आणि निबंधात किती टाकायच्या? (१२वी, गोंदिया)

नुसतं नाव लिहून सोडू नको. कशाची तुलना कशाशी, कोणता गुण, आणि लाइक आहे की ॲज, हे एका ओळीत लिही. लाइक, ॲज काहीच नाही आणि एक वस्तू दुसरीच आहे असं सरळ म्हटलं, 'ही इज अ टायगर', तर ते मेटाफर.

निबंधात दोन-तीन पुरे. एकाच वाक्यात दोन बिलकुल नको, तू पाठवलेल्यात 'ही रॅन लाइक अ डिअर अँड लाइक द विंड' आहे, आता वाचणाऱ्यानं हरणाकडं पाहावं की वाऱ्याकडं? हरीण ठेव, ते धानाच्या बांध्यांतून तू स्वतः पळताना पाहिलं असशील.